मैफल लिहावी, ऐकू नये

पुण्यात डिसेंबर लागला की वृत्तपत्राच्या कचेरीत एक प्रश्न हमखास येतो. "सवाईला कोण जाणार?" सवाई म्हणजे शास्त्रीय संगीताचा सवाई गंधर्व महोत्सव, आणि जाणार म्हणजे बातमी द्यायला. त्या क्षणी महापालिकेच्या विषयपत्रिकेत मान खुपसून बसावं. ते जमलं नाही आणि तुम्ही कॉलेजात गिटार वाजवायचात हे कुणाला तरी आठवलं, की सवाई तुमच्या गळ्यात पडली. अभिनंदन! पुढचे काही दिवस देशातलं उत्तमोत्तम गाणं तुमच्यापासून शंभर फुटांवर चालू असेल. ते ऐकण्याची चूक तेवढी करू नका.

आधी पार्श्वभूमी पाठ करा, कारण ती दरवर्षी तीच लागते आणि दरवर्षी चुकते. सवाई गंधर्व म्हणजे गायक रामभाऊ कुंदगोळकर. ते 1952 साली गेले आणि 1953 साली शिष्य भीमसेन जोशी यांनी त्यांच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला. जानेवारी 2011 मध्ये भीमसेनजी गेल्यावर महोत्सवाच्या नावात त्यांचंही नाव आलं. आयोजक आर्य संगीत प्रसारक मंडळ. यंदा कितवा महोत्सव, हे वजाबाकी करून काढू नका. करोनाकाळात खंड पडला होता, त्यामुळे गणित बरोबर आणि आकडा चूक असा चमत्कार होतो. निमंत्रणपत्रिकेवरचा आकडा उतरवा. चुकलात तर सकाळी सदाशिव पेठेतून फोन येतो, आणि तो फोन विलंबित, म्हणजे संथ, लयीत असतो.

आता खरी अडचण. रात्री 10 ला ध्वनिक्षेपक बंद करायचा नियम आहे. वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट मिळते, पण ती रोज नसते. सगळ्यात मोठा कलाकार शेवटी बसणार आणि नेमकं तेव्हाच तुमचं पान छपाईला सुटणार. म्हणून शहाणा बातमीदार शेवटच्या कलाकाराची बातमी तो मंचावर येण्याआधीच लिहितो. साचा सोपा आहे. राग, विलंबितातल्या बंदिशीचे, म्हणजे रागात बांधलेल्या गीताचे, पहिले दोन शब्द, ताल, द्रुत म्हणजे जलद बंदिश, मग ठुमरी किंवा अभंग, शेवटी साथीदार. नावं आधी भरायची, रागाची जागा मोकळी सोडायची. 'रसिक मंत्रमुग्ध झाले' हे तर दुपारी चहा पितानाच लिहून टाकता येतं. समारोप भैरवीने झाला, असं न ऐकता लिहिलेलंही बहुधा खपतं. एखादे दिवशी गायक भैरवी न गाता उठतो. त्याला तुमच्या पानाची वेळ कुणी सांगितलेली नसते.

राग ओळखण्याच्या फंदात मुळीच पडू नका. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिघांचे स्वर तेच. कोमल रिषभ, तीव्र मध्यम आणि पंचम वर्ज्य. फरक आहे तो चलनाचा, म्हणजे स्वरांच्या चालीचा, कुठल्या स्वरावर थांबायचं याचा, आणि तो कळायला दहा वर्षं लागतात. तुमच्याकडे वीस मिनिटं आहेत. भूप आणि देशकाराचंही तसंच. स्वर एकच, पण देशकार सकाळचा आणि भूप रात्रीचा, त्यामुळे इथे निदान घड्याळ पाहून तरी पास होता येतं. पोहणाऱ्याने पंचांग पाहावं तसं हे आहे, पण बुडण्यापेक्षा बरं. गायक स्वतः राग सांगतो तेव्हा तुम्ही वडापावच्या रांगेत असता, हे गृहीत धरा. अशा वेळी तंबोऱ्यावर बसलेल्या मुलीला किंवा मुलाला गाठायचं. तंबोऱ्यावर बहुधा गायकाचे शिष्यच असतात. बंदिश त्यांनी रडून रडून घोटलेली असते, त्यामुळे शब्द, ताल, सगळं बिनचूक मिळतं. मंचामागे तंबोऱ्यांना गवसणी घालताना ते सापडतात. बातमीत त्यांचंच नाव राहून जातं.

श्रोत्यांत जाणकार दिसणं ही वेगळी कला. अतिविलंबित एकताल बारा मात्रांचा, एका आवर्तनाला, म्हणजे तालाच्या एका फेरीला, जवळपास मिनिट लागतं. फेरीची पहिली मात्रा ती सम. म्हणजे दोन समांच्या मध्ये तुम्हाला मोबाइलवर निवांत तीन ओळी टंकता येतात. समेवर शेजारच्या आजोबांची मान खाली आली की आपलीही आणायची आणि पुन्हा मोबाइल. तीनतालात समेवर तबल्याचा 'धा' ऐकू आला की 'वा' म्हणावं. रूपक लागला तर मात्र गप्प बसावं. सात मात्रांच्या त्या तालात समेवरच 'खाली', म्हणजे बिनजोराची मात्रा, असते, तिथे 'धा' नसून 'ती' येतो, आणि भलत्याच मात्रेवर 'वा' गेली की भारतीय बैठकीतल्या चार ओळी मागे वळून बघतात.

मजकूर बोलून टंकणार असाल तर पाठवण्याआधी एकदा वाचा. मोबाइलला मारू बिहाग रागापेक्षा बिहार जवळचा, आणि मारवा त्याला हाणामारीतला वाटतो. 'तोडी' रागाची डेस्कवर 'तोडली' होते, कारण उपसंपादक त्याच हाताने अतिक्रमणाची बातमी लावत असतो. मंडपात हजारो मोबाइल एकदम चालू असतात, तेव्हा फोटो जात नाही. आधी मजकूर पाठवा, मग फाटकाबाहेर रस्त्यावर येऊन फोटो. पॉवर बँक, शाल आणि फोटोओळीतल्या माणसांचा डावी-उजवीकडून क्रम या तीन गोष्टी विसरायच्या नाहीत. शाल विसरली तर निदान तुम्हालाच सर्दी होते.

एवढं झाल्यावर सुट्टी हवीच. 1955 च्या श्रमिक पत्रकार कायद्यात चार आठवड्यांत 144 तासांहून जास्त काम नको, असं लिहिलेलं होतं. म्हणजे आठवड्याला 36. हे कचेरीत मोठ्याने वाचू नये, वरिष्ठांना हसताना ठसका लागतो. सुट्टी गुरुवारी संध्याकाळी मंजूर होते, शनिवारची. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी सुटलेलं असतं, म्हणून उरतं तत्काळ. प्रवासाच्या आदल्या दिवशी वातानुकूलितचं सकाळी 10 ला, स्लीपरचं 11 ला. तुमची मीटिंगही 11 ला. पगार पाहता तुम्ही स्लीपरवालेच, तेव्हा टेबलाखाली आधार जोडलेलं रेल्वे आरक्षणाचं खातं उघडून ठेवा आणि वर "खड्ड्यांचा फॉलोअप करतो सर" म्हणत राहा. तिकीट निश्चित झालं की दुपारी 4 ला सुट्टी रद्द होते. निश्चित झालेलं तत्काळ तिकीट रद्द केलं तर परतावा नाही, ही माहिती तेव्हा नव्याने मनावर बिंबते.

सुटलातच तर गोवा एक्स्प्रेस धरा. मिरज, लोंढा, मग कॅसलरॉक ते कुळे हा घाट. बोगद्यामागून बोगदा, मधे दूधसागर, आणि नेटवर्क गायब. वर्षभरातली तुमची खरी सुट्टी ती एवढीच. कुळ्याला सिग्नल आला की कचेरीचे मिस्ड कॉल ओळीने उगवतात. "गोव्यात आहेसच, तर केसरबाई केरकर समारोहावर पाचशे शब्द टाक ना." गायिका केसरबाई स्वतः सुटल्या. त्यांनी गायलेली भैरवी 1977 साली व्हॉयेजर अंतराळयानातल्या तबकडीवर चढून सूर्यमालेबाहेर गेली, तिथे डेस्कचा फोन लागत नाही. तुम्ही पणजीला पुन्हा प्रेसच्या खुर्चीत, पुन्हा तंबोरेवाल्याच्या शोधात.

परत आल्यावर टेबलावर पत्र असतं. महोत्सवाच्या बातमीत हार्मोनियमच्या साथीदाराचं नाव राहून गेलं, आणि तबल्याला ज्यांचं नाव दिलंय ते त्या दिवशी शहरातच नव्हते. खुलासा तुम्हीच लिहायचा, तीन ओळी, आतल्या पानावर, तळाशी, पंपसेटच्या जाहिरातीशेजारी. 'अनवधानाने' हा शब्द घ्या, 'दिलगीर' घ्या आणि नाव एकदा फोन करून विचारून घ्या. दुरुस्तीत तबलजींचं नाव हार्मोनियमला गेलं, तर पुढचं पत्र तंबोरेवाल्याकडून येतं.