नेपाळमार्गे येणारं तेल आणि आपले सॉल्व्हंट प्लांट : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मुक्त व्यापार करारांखाली बिनशुल्क येणाऱ्या तेलामुळे आपले सॉल्व्हंट प्लांट, म्हणजे सोयाबीनसारख्या तेलबियांतून तेल काढणारे कारखाने, अडचणीत येतात, असं मी एका लेखात मांडलं होतं. त्याला तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, आभार. तुमचं म्हणणं असं की मी प्लांटमालकांची वकिली करतोय, स्वस्त तेल आलं तर ग्राहकाचा फायदाच आहे, आणि सोयाबीनचा भाव तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडीवर ठरत असताना करारांच्या नावाने बोटं मोडण्यात अर्थ नाही. पेंडीचा मुद्दा सर्वांत वजनदार आहे, म्हणून आधी तोच घेतो.

एक क्विंटल सोयाबीन गाळपाला गेलं की साधारण १८ किलो तेल निघतं आणि ८० किलोच्या आसपास पेंड. तेल किलोमागे १० रुपयांनी उतरलं तर क्विंटलला १८० रुपयांचा फटका बसतो. पेंड नुसती ५ रुपयांनी उतरली तरी ४०० रुपये जातात. त्यात मका आणि तांदळापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा सुका चोथा, म्हणजे डीडीजीएस, कोंबडीखाद्यात शिरला आणि पेंडीचा उठाव कमी झाला. इथवर तुमचं बरोबर आहे. पण पेंड पडलेली असते तेव्हाच प्लांटला तेलाचा आधार लागतो. तोही गेला की लातूरसारख्या बाजारात प्लांटचे खरेदीचे दर खाली येतात आणि सौदा त्या दरांकडे बघूनच निघतो. २०२४-२५ ला हमीभाव ४,८९२ रुपये होता, आणि मोंढ्यात शेतकऱ्याने चार-सव्वाचार हजारांना माल घातला. प्लांटचा प्रश्न मला शेतकऱ्यापासून वेगळा काढता येत नाही तो यामुळे.

आता करारांकडे येऊ. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण आयात शुल्क ५.५ वरून २७.५ टक्के केलं, रिफाइंडवरचं १३.७५ वरून ३५.७५. हेतू सोयाबीनच्या भावाला टेकू देण्याचा होता. पण साफ्टा, म्हणजे दक्षिण आशियाई देशांमधल्या मुक्त व्यापार कराराखाली नेपाळचं रिफाइंड तेल बिनशुल्क येतं. नेपाळमध्ये सोयाबीन पिकतं कितीसं? तिथल्या रिफायनऱ्या कच्चं तेल परदेशातून आणतात. त्यांना समुद्र नाही, म्हणून ते आपल्याच कोलकाता-हल्दियाला उतरतं, विराटनगर-वीरगंजकडे जातं, तिथे शुद्ध होतं आणि सीमा ओलांडून पुन्हा आपल्याकडे येतं. शुल्क वाढल्यावर काही महिन्यांतच ही आवक फुगली. शुल्क जितकं चढं, तितका हा फेरा फायद्याचा! शेतकऱ्यासाठी लावलेल्या शुल्कातूनच या वाटेला नफा मिळतो. माझा विरोध व्यापाराला नाही, या वाटेला आहे.

साफ्टाच्या सर्वसाधारण नियमानुसार नेपाळसारख्या अल्पविकसित देशालाही मालात ३० टक्के मूल्यवर्धन, म्हणजे किमतीतली तेवढी भर तिथेच पडल्याचं, दाखवावं लागतं. कच्चं तेल शुद्ध करून, त्याचा रंग आणि वास काढून डब्यात भरायला किलोमागे काही रुपयेच लागतात. त्यातून ३० टक्के कुठून येणार?

ग्राहकाबद्दल तुमची कळकळ मलाही आहे. तेलाचा भाव वाढला की हातावर पोट असलेल्यांच्या फोडणीलाच आधी कात्री लागते. पण बिनशुल्क तेल विकणाऱ्याला ते शुल्क भरलेल्या तेलाहून थोडंसंच स्वस्त द्यावं लागतं. बाकीचा फरक मधल्या मध्ये वाटला जातो आणि सरकारचा महसूल बुडतो तो वेगळाच. ग्राहकाला दिलासा द्यायचा तर कच्च्या तेलावरचं शुल्क उघडपणे उतरवावं. मे २०२५ च्या अखेरीस ते १६.५ टक्क्यांवर आणलं आणि रिफाइंडवरचं तसंच ठेवलं. कच्चं आणि रिफाइंड यांतलं अंतर ८.२५ वरून १९.२५ टक्क्यांवर गेलं, इथल्या रिफायनऱ्यांना काम मिळालं. गाळप करणाऱ्या प्लांटला त्यातून काही मिळालं नाही, हेही खरं. रिफायनरी आणि प्लांट यांचं हित दर वेळी एक नसतं.

आपले कारखाने स्पर्धेत टिकत नाहीत, असंही तुम्ही लिहिलंय. २०१९ चं उदाहरण घ्या. मलेशियाशी झालेल्या करारामुळे त्या जानेवारीत तिथल्या रिफाइंड पाम तेलावरचं शुल्क ४५ टक्क्यांवर आलं, कच्च्यावर ४० होतं. अंतर उरलं पाचाचं. रिफाइंडचा असा लोंढा आला की सप्टेंबरात सरकारलाच ५ टक्के जादा संरक्षण शुल्क लावावं लागलं. शिवाय इंडोनेशिया कच्च्या पाम तेलाच्या निर्यातीवर जास्त कर घेतो आणि रिफाइंडवर कमी, म्हणजे शुद्धीकरणाचा रोजगार त्यांच्याकडेच राहतो. आपल्या रिफायनरीची गाठ त्या देशाच्या करधोरणाशी आहे. याला कार्यक्षमतेची स्पर्धा म्हणता येत नाही.

करार मोडा, असं मी कुठेही म्हटलेलं नाही. २००२ मध्ये याच नेपाळशी व्यापार करार नव्याने करताना भारताने वनस्पती तुपावर वर्षाला १ लाख टनांची मर्यादा घातली होती. पुढे श्रीलंकेच्या वनस्पती तुपावरही अडीच लाख टनांची आली. तिथेही बाहेरचं पाम तेल आणून, त्यावर प्रक्रिया करून ते आपल्याकडे पाठवलं जात होतं. नेपाळहून येणाऱ्या रिफाइंड सोयाबीन आणि पाम तेलावर तशीच मर्यादा हवी, आणि तीही खरिपाचा माल बाजारात यायच्या आधी, दसऱ्याच्या आत. दिवाळीच्या खर्चासाठी सोयाबीन विकून मोकळ्या झालेल्या शेतकऱ्याला नोव्हेंबरातल्या अधिसूचनेचा काही उपयोग नाही.