बैलाच्या मानेवर येणारं लोखंड

आमच्या गावच्या चौकाचं सौंदर्यीकरण होणार आहे. फायबरची बैलजोडी, स्टीलचे चकचकीत गोळे, कारंजं आणि रंग बदलणारे दिवे. त्याचं चित्र पाहिलं आणि दोन रात्री नीट झोप लागली नाही. मी शाळेत चित्रकला शिकवतो, घरी चार एकर कोरडवाहू आहे. या दोन्हींमुळे हे लिहावंसं वाटलं.

मागच्या महिन्यात वखराची पास, म्हणजे मातीतून ढेकळं फोडत जाणारं आडवं पातं, पाजवायला लोहारदादांकडे गेलो होतो. ते कुणाची तरी नवी पास करत होते. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा तुकडा भट्टीत लाल झाला, संडशीनं ऐरणीवर आला आणि त्यांच्या मुलानं घण घातला. तासाभरात पास तयार. जेमतेम दोन फुटांची पट्टी, पाठीकडे जाड आणि धारेकडे उतरत गेलेली. तिरप्या उजेडात धरली की घणाचे ठोके एकामागोमाग दिसतात, तळ्यावरून वारा गेल्यावर पाणी दिसतं तसे. मी विचारलं, पाठ आणखी जाड ठेवली तर जास्त टिकेल ना?

ते म्हणाले, "गुरुजी, जास्तीचं लोखंड ठेवलं त थे बैलाच्या मानेवर येते. कमी ठेवलं त ढेकळात वाकते."

पासेचा आकार या हिशेबातून आला आहे. तिच्यावर नक्षी नाही, कारण नक्षीचं वजनही बैलालाच ओढावं लागलं असतं.

ब्रांकुशी नावाचा शिल्पकार होता, जन्म रुमानियातला, काम पॅरिसमध्ये. त्यानं पक्षी केला. पंख नाहीत, चोच नाही, पाय नाहीत. ब्राँझचा एक निमुळता उभा आकार, घासून घासून आरशासारखा केलेला. १९२६ साली तो न्यूयॉर्कला पोचला तेव्हा कस्टमवाल्यांना ती कलाकृती वाटेना. कलाकृतीवर कर नव्हता. यांनी तो पक्षी स्वयंपाकाची भांडी आणि दवाखान्याचं सामान यांच्या खात्यात टाकून ४० टक्के कर लावला. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९२८ मध्ये निकाल ब्रांकुशीच्या बाजूनं लागला. पुढे इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी असे तीन पक्षी घेतले, एक ब्राँझचा आणि दोन संगमरवराचे. त्यांच्यासाठी मंदिर बांधायचं म्हणून ब्रांकुशी स्वतः इंदूरला येऊन गेला. ते मंदिर झालंच नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

त्या अधिकाऱ्यांना शिल्पात भांडं दिसलं. आम्हाला पासेत नुसतं अवजार दिसतं. नजर तीच, चूकही तीच.

आणि लोखंड आमच्या विदर्भाला काही नवं नाही. पारशिवनी तालुक्यात नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी उत्खननात सापडली, अडीच हजार वर्षांहून जुनी. माहुरझरी आणि टाकळघाट-खापा इथल्या शिळावर्तुळांतून, म्हणजे धोंडे गोल मांडून केलेल्या जुन्या दफनांतून, लोखंडी कुऱ्हाडी निघाल्या. नागपूरहून काटोल रस्त्यानं जुनापाणीला जाऊन बघा. गोल मांडलेले धोंडे, बाकी काही नाही. तिथं उभं राहिलं की माणूस आपोआप हळू बोलतो.

साधं म्हणजे चांगलंच, असंही मी म्हणणार नाही. रिचर्ड सेरा या अमेरिकन शिल्पकारानं १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी कचेऱ्यांसमोरच्या चौकात १२० फूट लांब आणि १२ फूट उंच पोलादी भिंत उभी केली. तिथल्या कर्मचाऱ्यांना रोज तिला वळसा घालून जावं लागे. तक्रारी झाल्या, सुनावणी झाली, आणि १९८९ मध्ये ती काढली. सेरा मला फार आवडतो. तो वापरायचा त्या पोलादावर गंजाचा थर असा घट्ट बसतो की आतलं लोखंड त्यानंच राखलं जातं. तरी त्या कर्मचाऱ्यांचं म्हणणं मला पटतं. शेवटी भार त्यांच्याच मानेवर येत होता.

आमच्या चौकात आठवडी बाजार भरतो. भाजीवाल्या बाया पहाटेच येऊन जागा धरतात. त्या चित्रात कारंज्याचं टाकं नेमकं त्यांच्या जागेवर आहे. आणि उन्हाळ्यात आम्ही टँकरची वाट बघतो, तेव्हा त्या कारंज्यात कोणतं पाणी सोडणार?

नटवण्याला माझा विरोध नाही. पोळ्याला मीही शिंगांना बेगड लावतो, झूल टाकतो, मठाट्या बांधतो. पण घरी आल्यावर ते सगळं उतरवतो, बैलाचं अंग मोकळं करतो. स्टीलचे गोळे कुणी उतरवणार नाही.

माझं मागणं एवढंच आहे. चौकात एक पास उभी करा, बारा-पंधरा फुटांची, आपल्याच लोहाराच्या हातची. रंग नको, दिवे नको, कुणाचं नाव नको. घणाचे ठोके दिसू द्या. भोवती बसायला ओटा ठेवा आणि बाजाराची जागा जशीच्या तशी सोडा.

काल हे लोहारदादांना सांगितलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग कोळशाचा तुकडा घेऊन जमिनीवर एक उभी रेघ ओढली, तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "धार कोनत्या अंगाले ठेवाची, गुरुजी? लेकरं खेयतेत तिथं."