रिकामं बॅरल, भडका आणि ‘चूक त्याचीच’

कुपवाड-मिरज एमआयडीसीतल्या कामगारांच्या आणि सांगलीतल्या गॅरेजवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: कामावर पेट्रोल-डिझेलचा भडका उडून कुणी भाजलं, तर मालक काही देणं लागत नाही. रिकामं बॅरल आपोआप पेटत नसतं, निष्काळजीपणा कामगाराचाच असतो. ठेकेदाराचा माणूस असेल तर मालकाचा संबंधच येत नाही. दवाखान्याचं बिल भरून कागदावर सही घेतली की विषय मिटला. शेवटी वर एक फुकटचा सल्ला: भाजल्यावर पाणी ओतू नका, हळद लावा.

बॅरलपासूनच सुरुवात करू, कारण सगळा मेसेज त्याच्यावर उभा आहे. भरलेल्या बॅरलपेक्षा रिकामं जास्त घातक असतं. तळाशी, शिवणीत, बुचाच्या आट्यांत थोडं इंधन राहतंच, आणि त्याची वाफ आतल्या हवेत मिसळते. हवेत पेट्रोलची वाफ साधारण १.४ टक्के झाली की ठिणगी पुरते. दोनशे लिटरच्या बॅरलचा हिशेब मांडला तर त्याला १२ ते १५ मिलिलिटर पेट्रोल लागतं, म्हणजे चहाचे तीन चमचे. बॅरल उलटं करून निथळलं तरी एवढं आत राहू शकतं.

‘डिझेल पेटत नाही’ हाही असाच गैरसमज. थंड डिझेल काडीनं सहसा पेटत नाही, हे खरं. पण आपल्याकडच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला पेट घेण्याइतकी वाफ सुटते) किमान ३५ अंश ठरवलेला आहे, आणि गॅस कटरची ज्योत तीन हजार अंशांच्या घरात असते. कटर पत्र्याला लागला की आतला थर स्वतःच वाफ होतो. बंद बॅरलमध्ये ती वाफ जाणार कुठं? झाकण उडतं किंवा तळ फाटतो, आणि समोर वाकलेल्या माणसाचं तोंड आणि हात सापडतात.

ही माहिती नवी नाही. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ३७ मध्येच लिहिलं होतं की ज्यात ज्वालाग्राही पदार्थ होता, त्या टाकीवर किंवा भांड्यावर आतला पदार्थ आणि वाफ काढून टाकल्याशिवाय वेल्डिंग किंवा कटिंग करायचं नाही. बॅरल धुऊन, वाफ घालवून देणं ही कारखाना चालवणाऱ्याची जबाबदारी आहे. ‘चल, पटकन कापून टाक, गिऱ्हाईक थांबलंय’ असं सांगणाऱ्यानं नंतर निष्काळजीपणा हा शब्द वापरावा, याला काय म्हणायचं?

बरं, समजा चूक कामगाराचीच झाली. तरी भरपाईचा हक्क जात नाही. १९२३ च्या भरपाई कायद्याचा पायाच असा आहे की काम करताना, कामामुळे अपघात झाला तर मालक देणं लागतो, चूक कुणाची हे न बघता. नोव्हेंबर २०२५ पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, तत्त्व तेच राहिलं. अपवाद मोजके आहेत: नशेत असणं, सुरक्षेसाठी स्पष्ट दिलेला हुकूम मुद्दाम मोडणं, किंवा सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढून टाकणं. साधी चूक, घाई, विसरणं यात बसत नाही. आणि मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर हे अपवादही मालकाच्या कामी येत नाहीत. दोन-तीन माणसांच्या गॅरेजला कारखान्याचे सगळे नियम लागू होत नसतील, भरपाईचा नियम मात्र लागू होतो.

ठेकेदाराच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करतो. स्वतःचं दुकान असलेला वेल्डर गिऱ्हाइकाचं काम करताना भाजला, तर गिऱ्हाईक काही त्याचा मालक ठरत नाही. पण कारखान्याच्या आवारात, कारखान्याच्या नेहमीच्या धंद्यातलं काम ठेकेदाराच्या माणसाकडून करून घेतलं, तर भरपाई मूळ मालकाकडून मागता येते. मालकानं ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी, ते त्या दोघांचं आपापसातलं. ईएसआय म्हणजे कामगार राज्य विमा लागू असेल (पगार २१,००० पर्यंत) तर दावा तिकडं जातो, आणि अपघाताचा लाभ कामाच्या पहिल्या दिवसापासून असतो. मालकानं नाव नोंदवलंच नव्हतं, तरी विमा महामंडळ लाभ देऊन मालकाकडून वसुली करू शकतं.

आता सहीचं बघू. हक्क सोडल्याचं लिहून घेतलेला कागद कायद्यानं रद्दबातल असतो. दवाखान्याचं बिल भरणं म्हणजे भरपाई देणं नव्हे, उपचाराचा खर्च वेगळा द्यावाच लागतो. मृत्यू झाला असेल तर रक्कम घरच्यांच्या हातात परस्पर टेकवून चालत नाही, ती भरपाईचे दावे बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडं जमा करावी लागते. का, ते आकड्यांवरून कळेल. तीस वर्षांचा माणूस, पगार १५,००० (हिशेबाला २०२० पासून कमाल एवढाच धरतात). मृत्यू झाला तर १५,५९,८५० रुपये, कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर १८,७१,८२० रुपये. बोटं आखडून मुठी मिटेनाशी झाली, तर कमाईची क्षमता किती टक्के गेली हे डॉक्टर ठरवतात आणि त्या प्रमाणात मिळतं. ‘पन्नास हजार घे आणि मिटव’ म्हणणाऱ्याला हा हिशेब चांगला ठाऊक असतो.

हळदीबद्दल सांगलीत बोलायचं म्हणजे जरा जपूनच. बाजारपेठच तिची. पण भाजलेल्या जागेवर हळद, तूप, टूथपेस्ट, शाई यातलं काहीही लावू नये. डॉक्टरांना आधी ते खरवडून काढावं लागतं, मगच जखम किती खोल आहे ते दिसतं. पाण्याचा गोंधळ बहुधा इथून आला असावा: पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतायचं नाही, कारण पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं. त्याला फोम किंवा कोरड्या पावडरचं सिलेंडर लागतं. भाजलेल्या अंगावर मात्र नळाचं साधं वाहतं पाणी वीस मिनिटं सोडायचं. बर्फ नको. इंधनानं भिजलेले कपडे उतरवायचे, कातडीला चिकटलेला तुकडा ओढायचा नाही. सूज चढण्याआधी अंगठी, कडं, घड्याळ काढायचं. आवाज घोगरा झाला किंवा नाकात काजळी दिसली, तर श्वासनलिका भाजलेली असू शकते. तेव्हा थांबायचं नाही, थेट सिव्हिल किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठायचं.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मात्र मला जास्त खटकते. केसपेपरवर ‘घरी स्टोव्हचा भडका’ असं लिहून घ्यायला मालकाची माणसं सांगतात. वेदनेनं तळमळणारा माणूस आणि घाबरलेली बायको, दोघंही हो म्हणतात. पुढं दाव्याच्या वेळी तोच कागद पहिला समोर येतो. तिथं ‘कामावर असताना’ हे शब्द, जागा आणि वेळ आलीच पाहिजे, आणि पोलिसांत नोंद झाली की नाही तेही विचारावं. हजेरीचा, पगाराचा, ठेकेदाराच्या मेसेजचा मोबाइलमधला फोटो जपून ठेवावा. दावा करायला अपघातापासून दोन वर्षं मिळतात.