‘टॉप २ टक्के’ यादीत नाव आलं, म्हणजे प्रभाव सिद्ध झाला?

दरवर्षी यादी आली की तोच मजकूर नाव बदलून फिरू लागतो: ‘सॉलिड-स्टेट स्पेक्ट्रोस्कोपीत काम करणाऱ्या अमुक शास्त्रज्ञांची स्टॅनफर्ड विद्यापीठाने जगातल्या सर्वोत्तम २ टक्क्यांत निवड केली. एच-इंडेक्स इतका, सायटेशन इतकी. त्यांच्या संशोधनाचा प्रभाव यातून सिद्ध होतो.’ (स्पेक्ट्रोस्कोपी म्हणजे पदार्थ कुठला प्रकाश शोषतो आणि सोडतो याचा अभ्यास; सायटेशन म्हणजे एखाद्या पेपराचा दुसऱ्या पेपरात दिलेला संदर्भ.) नाव यादीत खरंच असतं, आकडेही बहुधा बरोबर असतात. घोटाळा त्यांच्या अर्थात आहे.

‘स्टॅनफर्डने निवड केली’

निवड कोणीच करत नाही. स्टॅनफर्डमधले प्राध्यापक जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी शोधनिबंधांच्या स्कोपस या डेटाबेसवरून गणित करतात. पद्धत २०१९ साली ‘प्लॉस बायॉलॉजी’त छापून आली. अर्ज नाही, परीक्षक नाहीत, पेपर कोणी उघडूनही पाहत नाही. शिवाय तक्ते दोन असतात, एक संपूर्ण कारकिर्दीचा आणि एक फक्त एका वर्षात मिळालेल्या सायटेशनचा. नाव कुठल्या तक्त्यात आहे हे फिरणाऱ्या मजकुरात क्वचितच असतं.

‘२ टक्के’ हेसुद्धा सरळ नाही. सगळ्या विषयांत मिळून पहिल्या १ लाखात असणारे, किंवा आपल्या उपविषयात वरच्या २ टक्क्यांत असणारे, असे दोन्ही आत येतात. उपविषय ठरतो तो पेपर कुठल्या जर्नलांत आले त्यावरून. त्यामुळे फॉस्फरच्या, म्हणजे ऊर्जा शोषून प्रकाश देणाऱ्या पदार्थाच्या, प्रकाशदीप्तीवरचं तेच काम बहुतांशी प्रकाशिकीच्या जर्नलांत गेलं तर तुलना एका गर्दीशी, सिरॅमिक्सच्या जर्नलांत गेलं तर दुसऱ्याच गर्दीशी.

‘एच-इंडेक्स मोठा, म्हणजे काम मोठं’

हा निर्देशांक २००५ साली जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. एच ४० म्हणजे किमान ४० सायटेशन मिळालेले ४० पेपर. ४१व्या सायटेशननंतर त्या पेपरला आणखी हजारो मिळाली तरी हिशेबात फरक नाही.

याच क्षेत्रातलं उदाहरण घ्या. रेअर अर्थ आयनांच्या (निओडिमियम, युरोपियम अशा मूलद्रव्यांच्या विद्युतभारित अणूंच्या) शोषणरेषांची, म्हणजे ते ज्या ठराविक तरंगलांबींचा प्रकाश शोषतात त्यांची, तीव्रता कशी ठरते, हे ब्रायन जड आणि जॉर्ज ओफेल्ट यांनी १९६२ साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एकेका पेपरात मांडलं. त्यांच्या सूत्रातले ओमेगा-२, ओमेगा-४ आणि ओमेगा-६ हे तीन आकडे काढले की काचेत किंवा स्फटिकात बसलेल्या निओडिमियमचा, अर्बियमचा उत्सर्जनकाळ (उत्तेजित आयन किती वेळात प्रकाश सोडतो) आणि लेसरसाठीची योग्यता आधीच मोजता येते. लेसर-काचेवर काम करणारा आजही हेच गणित करतो. असा पेपर एचमध्ये फार तर १ ने भर घालतो.

‘सायटेशन म्हणजे कामाचा वापर’

खरी मेख इथे आहे. युरोपियम घातलेल्या फॉस्फरचा कुठलाही पेपर उघडा. पहिल्याच वाक्यात ‘अशा फॉस्फरांकडे बरंच लक्ष वेधलं गेलं आहे’ आणि पुढे १ ते १५ संदर्भ एका झटक्यात. त्या पंधरा जणांना प्रत्येकी एक सायटेशन मिळालं. त्यांचा एकही आकडा, एकही नमुना पुढे वापरला गेला नाही.

याहून वाईट म्हणजे चुकीचा आकडाही सायटेशन कमावतो. युरोपियमची ५९० नॅनोमीटरजवळची रेषा चुंबकीय द्विध्रुवी (प्रकाशाच्या चुंबकीय क्षेत्राशी जोडलेली), म्हणून यजमान पदार्थ, म्हणजे ज्यात युरोपियम घातलंय तो, बदलला तरी तिची ताकद जवळपास तीच राहते. तिला मापदंड धरून ६१२जवळच्या रेषेवरून ओमेगा-२ आणि ७००जवळच्या रेषेवरून ओमेगा-४ काढतात. पण नेहमीच्या फोटोमल्टिप्लायरची (प्रकाश मोजणाऱ्या डिटेक्टरची) संवेदनशीलता लाल टोकाकडे झपाट्याने घटते. ही घट भरून काढणारी यंत्रातली स्पेक्ट्रल दुरुस्ती लावायची राहिली, तर ७००ची रेषा बुटकी दिसते आणि ओमेगा-४ कमी येतो. तो आकडा मग ‘इतरांच्या मूल्यांशी तुलना’ या कोष्टकात पेपरामागून पेपरात उतरतो, आणि दर वेळी मूळ लेखकांच्या खात्यात एक सायटेशन जमा होतं.

प्रकाशाच्या शोषणावरून बँडगॅप (इलेक्ट्रॉनला वरच्या पट्ट्यात जायला लागणारी किमान ऊर्जा) काढणाऱ्या टाउक आलेखाचंही तेच. १९६६ची मूळ पद्धत अस्फटिकी जर्मेनियमसाठी होती. आज ती कुठल्याही पावडरला लावतात, कधी घात २ तर कधी अर्धा, जो सोयीचा बँडगॅप देईल तो.

‘यादीत क्रम वर, म्हणजे योगदान जास्त’

यादीचा संयुक्त गुणांक सहा मोजमापांचा आहे: एकूण सायटेशन, एच, सहलेखकांची संख्या धरून दुरुस्त केलेला एच, आणि मग एकटा लेखक असलेल्या, एकटा किंवा पहिला असलेल्या, एकटा, पहिला वा शेवटचा असलेल्या पेपरांची सायटेशन. नुसत्या एचपेक्षा हे नक्कीच बरं. लॉगरिदम घेतल्यामुळे सायटेशन १००० वरून २००० झाली तरी तो घटक साधारण १० टक्केच वाढतो, हेही शहाणपणाचं. पण सहापैकी तीन मोजमापं नावाच्या जागेवर चालतात. स्फटिक वाढवणारा आणि सिंक्रोट्रॉनच्या (तीव्र क्ष-किरण देणाऱ्या प्रवेगकाच्या) बीमलाइनवर डिटेक्टर सांभाळणारा बहुधा मधल्या नावांत असतात, कधी फक्त आभारात. स्फटिकात मळ असेल तर स्पेक्ट्रमला अर्थ नाही, हे प्रयोगशाळेत सगळ्यांना ठाऊक असतं, गुणांकाला नाही.

मजकूर पुढे पाठवण्याआधी यादीची एक्सेल फाइल उतरवा, ती खुली आहे. स्वतःचीच सायटेशन किती टक्के, याचा स्तंभ तिथे आहे. एकूण सायटेशन भागिले ती देणाऱ्या पेपरांची संख्या, हाही स्तंभ आहे. तो त्याच क्षेत्रातल्या इतरांपेक्षा फार मोठा असेल, तर तेच ते पेपर या लेखकाचे ढिगाने संदर्भ देताहेत. मग स्कोपसमध्ये त्यांच्या सर्वाधिक सायटेशनच्या पेपरला उद्धृत करणारे अलीकडचे वीस पेपर काढा आणि संदर्भ प्रास्ताविकात आलाय, पद्धतीत आलाय की निष्कर्षांच्या कोष्टकात, एवढंच मोजा. तासाभराचं काम आहे.