‘राजीखुशीने’ या शब्दाबद्दल: एका भावाला उत्तर

दादा, नमस्कार.

हक्कसोडपत्रावरच्या, म्हणजे बहिणी वडिलोपार्जित मिळकतीतला आपला हिस्सा सोडून देतात त्या दस्तावरच्या, माझ्या लेखावर आपण रागावून लिहिलंत. आपलं म्हणणं थोडक्यात असं: दोघी मोठ्या बहिणींनी हसतमुखाने सह्या केल्या. त्यांची लग्नं 1994 च्या आधीची, म्हणजे हक्क नव्हताच, सही नुसती औपचारिक. सज्ञान माणसाने सही केली की विषय संपला. आणि माझ्यासारख्यांच्या लिहिण्याने बहिणींची माहेरं तुटतात. धाकटीची सही राहिली आहे, ती दिवाळीला आली की होईल, असंही आपण लिहिलंत.

आधी 1994 चं, कारण हा गैरसमज गावोगावी आहे. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हिस्सा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. लोकांच्या लक्षात तेवढंच राहिलं. हिंदू वारसा कायद्यातल्या 9 सप्टेंबर 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीत लग्नाची ही अट नाही. 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याचीही गरज नाही. 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर वाटप किंवा विक्री झाली असेल तर ती मोडत नाही. आणि वडील मृत्युपत्र न करता गेले तर त्यांच्या स्वतःच्या हिश्श्यात मुलगी 1956 च्या मूळ हिंदू वारसा कायद्यापासूनच वारस आहे, लग्न कधीचंही असो. आपल्या बहिणींचा हक्क नसता तर त्यांना दुय्यम निबंधकाच्या कचेरीत न्यावंच लागलं नसतं.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक हक्कसोडपत्रात एक ठरलेलं वाक्य असतं: ‘हा दस्त मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून देत आहे.’ लेखनिक ते न बघता टाईप करतो इतकं ते पाठ झालेलं आहे. पण त्यातल्या ‘अक्कलहुशारीने’ला फार वजन आहे. हक्क सोडणं म्हणजे आपल्याला अमुक हक्क आहे हे माहीत असताना तो जाणूनबुजून सोडणं. माहीत नसलेली वस्तू हरवू शकते, कोणी काढून घेऊ शकतं. ती सोडता मात्र येत नाही.

माझ्या आईने अशी सही केली होती. तिला सांगितलं होतं, ‘वारसनोंदीची सही आहे, आक्का.’ ओळखदार उभे होते, साडीचोळी झाली, ती संध्याकाळच्या एसटीने परत आली. माझे मामा वाईट नव्हते. दरवर्षी तिचं माहेरपण त्यांनी मनापासून केलं. पुढे त्या जमिनीचा तुकडा रस्त्यासाठी गेला, तेव्हा मोबदल्याच्या यादीत आपलं नाव कसं नाही, असं तिने अगदी साधेपणाने विचारलं. त्या दिवशी तिला कळलं की आपण काय लिहून दिलं होतं. पैशाचं तिला फारसं वाटलं नाही. ‘मला विचारलं असतं तर मी दिलंच असतं,’ एवढंच ती म्हणाली आणि नंतर कितीतरी दिवस ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. तिला जे द्यायचं होतं ते देण्याची संधीच तिला मिळाली नाही, म्हणून मी हे लिहिते, दादा. भावाबहिणींत भांडण लावायला नाही.

सही झाली की विषय संपला, हे बऱ्याच अंशी खरं आहे, आणि मला भीती त्याचीच वाटते. नोंदणी झालेला दस्त एकतर्फी मागे घेता येत नाही. फसवणूक किंवा दबाव झाला असेल तर तो रद्द करून घ्यायला दिवाणी कोर्टात जावं लागतं, तेही वस्तुस्थिती कळल्यापासून तीन वर्षांत, आणि सिद्ध करायचं बहिणीने. सख्ख्या भावावर किती जणी दावा लावतील?

शिवाय सगळेच हक्क सहीने सुटतात असंही नाही. मुंबईतल्या फुटपाथवासीयांच्या वतीने उच्च न्यायालयात सांगितलं गेलं होतं की फुटपाथवर झोपडी बांधण्याचा मूलभूत हक्क आम्ही सांगत नाही आणि 15 ऑक्टोबर 1981 नंतर पाडापाडीला आडवे येणार नाही. महापालिकेने पुढे तेच धरून सांगितलं की आता यांना बोलायची जागा नाही. 1985 मध्ये ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही: संविधानाने दिलेले मूलभूत हक्क कबुली देऊनही सोडता येत नाहीत. त्या लोकांची झोपड्या न पाडण्याची मागणी मान्य झाली नाही, पण त्यांचं म्हणणं ऐकलं गेलं. जमिनीतला हिस्सा तसा नाही, तो सोडता येतो, हे मी मूळ लेखातही मान्य केलं होतं. वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टार्जित मिळकतीवर मात्र सही घेऊन उपयोग नसतो. वारस होण्याची नुसती आशा हस्तांतरित होत नाही.

माहेर तुटतं, हे आपलं वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. हिस्सा मागितल्यावर माहेर तुटेल ही भीती बहिणीच्या मनात असतानाच ती सही करते. मग ‘दडपणाशिवाय’ या शब्दाचं काय करायचं? तिला कोणी दरडावलेलं नसतं, हे खरं. पण नाही म्हटलं तर राखीला या घरात यायचं कसं, हा विचार तिच्या मनात असतोच. आपल्या दोघी बहिणी हसत होत्या यावर माझा विश्वास आहे. त्या खरंच आनंदाने देत असतील तर त्यांना सगळं माहीत असल्याने त्या देण्याचं काही कमी होणार नाही.

धाकटीचं अजून हातात आहे. दस्ताचा मसुदा तिला दिवाळीच्या पंधरा दिवस आधी पाठवा, सोबत सातबारा आणि आठ-अचे (खातेदाराच्या नावावरच्या एकूण जमिनीचे) उतारे. गट नंबर, क्षेत्र आणि तिचा हिस्सा किती येतो ते आकड्यात लिहा. आपली आई हयात असून सातबाऱ्यावर असेल, तर हक्क भावांच्याच नावे सोडावा लागतो असं नाही, तो आईच्या नावेही सोडता येतो, हेही तिला सांगा. बहुतेक बहिणींना हा मार्ग कोणी सांगतच नाही. आणि तिने ‘मला माझा हिस्सा ठेवायचा आहे’ म्हटलं, तर दिवाळीचा फराळ नेहमीसारखाच होईल, हे तिला आपल्या तोंडून आधी ऐकू द्या.

मसुदा वाचताना तिला काही अडलं तर इथेच विचारायला सांगा, मी उत्तर देईन.