यिक वोची लाँड्री आणि आमचा व्हॉट्सॲप ग्रुप

परवा आमच्या इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, मराठी ग्रुपवर जुंपली. विषय खरं तर पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, कोण काय आणणार एवढाच होता. मध्येच कुणीतरी स्थलांतरितांच्या धरपकडीचा एक व्हिडिओ टाकला आणि त्याखाली एकाने लिहिलं, "बेकायदा आलेत ना? मग कसली सुनावणी आणि कसलं कोर्ट? घटना नागरिकांसाठी असते." खाली धडाधड अंगठे पडले. ज्यांचे अंगठे होते त्यातले निम्मे तरी एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, आहेत हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणजे नागरिक नाहीत. मीही नाही. चौदा वर्षं झाली, अजून ग्रीन कार्डच्या रांगेत उभा आहे.

ग्रुपवर काही बोललो नाही. तिथे दोन ओळींच्या पुढे कुणी वाचत नाही. म्हणून इथे लिहितोय.

अमेरिकेच्या घटनेतली चौदावी दुरुस्ती १८६८ची. यादवी युद्ध संपलं होतं, गुलामगिरी कागदावर तरी संपली होती, पण दक्षिणेतली राज्यं नवे कायदे करून काळ्या माणसांना पुन्हा चेपायला निघाली होती. त्यांना आवर घालायला ही दुरुस्ती आली. तिचं पहिलं कलम बारकाईने वाचण्यासारखं आहे. सुरुवातीला ते 'नागरिक' कोण ते सांगतं, नागरिकांचे विशेषाधिकार राज्यांनी हिरावू नयेत असं सांगतं. आणि मग शब्द बदलतो. 'ड्यू प्रोसेस'शिवाय, म्हणजे रीतसर न्याय्य प्रक्रियेशिवाय, कोणत्याही 'व्यक्ती'चं जीवित, स्वातंत्र्य किंवा मालमत्ता काढून घेता येणार नाही, आणि राज्याच्या हद्दीतल्या कोणत्याही 'व्यक्ती'ला कायद्याचं समान संरक्षण नाकारता येणार नाही. 'नागरिक' हा शब्द वरच्याच ओळीत वापरलेला असताना इथे तो सोडून दिलाय. त्यामुळे ही नजरचूक म्हणून सोडून देता येत नाही. केंद्र सरकारवर हेच ड्यू प्रोसेसचं बंधन पाचव्या दुरुस्तीने १७९१ पासूनच आहे. तिथेही शब्द 'व्यक्ती' हाच.

'व्यक्ती' म्हणजे नेमकं कोण, याचं उत्तर सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका धोब्याने मिळवलं. खटल्यात त्याचं नाव पडलं यिक वो.

हा माणूस १८६१ साली चीनहून कॅलिफोर्नियात आला आणि बावीस वर्षं एकाच जागी लाँड्री चालवत होता. १८८० मध्ये शहराने नियम केला: लाकडी इमारतीत लाँड्री चालवायची तर पर्यवेक्षक मंडळाची परवानगी हवी. कारण काय, तर आगीचा धोका. ऐकायला अगदी रास्त. पण त्या वेळी शहरात साधारण ३२० लाँड्र्या, त्यातल्या ३१० लाकडी, आणि २४०च्या आसपास चिनी लोकांच्या. परवानगीसाठी दोनशेच्या वर चिनी मालकांनी अर्ज केले, एकालाही मिळाली नाही. चिनी नसलेल्या ऐंशीएक जणांना मिळाली, एक अपवाद सोडून. नियमात 'चिनी' हा शब्द कुठेही नव्हता बरं का.

आणि या माणसाची कागदपत्रं चोख होती. अग्निशमनवाल्यांचा १८८४चा दाखला त्याच्या हातात होता: शेगड्या, धुण्याची-वाळवण्याची साधनं, इस्त्र्या तापवायची सोय, सगळं तपासलं, आजूबाजूला आगीचा धोका नाही. आरोग्य अधिकाऱ्याचा दाखलाही होता. तरी परवानगी नाकारली. त्याने लाँड्री चालूच ठेवली. दहा डॉलर दंड झाला, तो भरला नाही, म्हणून दहा दिवस कोठडी.

१० मे १८८६ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याला सोडलं. निकाल न्यायमूर्ती स्टॅन्ली मॅथ्यूज यांचा. मुद्दे दोन. कायदा दिसायला कितीही सरळ असला, तरी अधिकारी तो दुष्ट नजरेने आणि असमान हाताने राबवत असतील तर ते समान संरक्षण नाकारणंच आहे. आणि हे संरक्षण वंश, रंग, राष्ट्रीयत्व न बघता देशाच्या हद्दीतल्या प्रत्येकाला आहे. लक्षात घ्या, १८८२च्या कायद्याने चिनी मजुरांना या देशाचं दार बंद झालं होतं आणि चीनहून आलेल्या माणसाला नागरिक होताच येत नव्हतं. तरीही.

लगेच कोर्टाच्या आरत्या ओवाळायला नकोत. याच न्यायालयाने १८८९ मध्ये चिन्यांना देशाबाहेर ठेवणारा कायदा उचलून धरला आणि १८९६ मध्ये 'वेगळे पण समान'च्या नावाखाली रेल्वेच्या डब्यातला वर्णभेदही. पण त्याच १८९६ मध्ये असंही ठरवलं, की बेकायदा राहणाऱ्या परदेशी माणसाला हाकलता येईल, पण खटला न चालवता सक्तमजुरीला पाठवता येणार नाही.

माझा मुद्दा इथे येतो. कुणाला परत पाठवूच नका असं मी म्हणत नाही. देशाला तो अधिकार आहे. पण 'बेकायदा आलाय' हे ठरवणार कोण आणि कधी? ड्यू प्रोसेसचा गाभा अगदी घरगुती आहे: आरोप काय ते आधी कळवा, उत्तर द्यायला संधी द्या, आणि ऐकणारा माणूस निःपक्ष असू द्या. सुनावणीच काढून टाकली, तर कागद असलेला आणि नसलेला वेगळे ओळखणार कसे? चेहऱ्यावरून? मग तुमचा-माझा चेहरा कोणत्या ढिगात जाईल, तेही सांगा. चोर सोडून संन्याशाला सुळी ही म्हण आपल्याला कुणी शिकवायला नको.

एप्रिल २०२५ मध्ये व्हेनेझुएलाच्या लोकांना १७९८च्या एका जुन्या कायद्याखाली विमानात घालून पाठवण्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं. दाद कुठल्या कोर्टात मागायची यावर पाच विरुद्ध चार अशी फूट पडली. पण पाठवण्याआधी नोटीस आणि कोर्टात जायला पुरेसा वेळ मिळालाच पाहिजे, यावर नऊच्या नऊ जण एक होते. यात डावं-उजवं शोधणाऱ्यांनी हे नीट बघावं.

आपल्याकडचीही गंमत सांगतो. भारताच्या घटनेतल्या कलम १४ मधलं 'कायद्याचे समान संरक्षण' थेट या चौदाव्या दुरुस्तीतून आलंय, आणि तिथेही 'नागरिक' नाही, 'व्यक्ती' आहे. 'ड्यू प्रोसेस' मात्र घटना समितीने घेतलं नाही. १३ डिसेंबर १९४८च्या भाषणात बाबासाहेबांनी अडचण उघड मांडली होती: सगळं विधिमंडळावर सोपवलं तर पक्षाच्या बहुमतावर हक्क तुडवले जाण्याची भीती, न्यायाधीशांवर सोपवलं तर त्यांच्या वैयक्तिक मतांवर कायदे उडण्याची. इकडे आड तिकडे विहीर. निर्णय त्यांनी सभागृहावर सोडला. शेवटी कलम २१ मध्ये 'कायद्याने प्रस्थापित कार्यपद्धती' एवढंच राहिलं, आणि ती कार्यपद्धती न्याय्य असली पाहिजे हे ठसायला भारताच्या सर्वोच्च न्यायालयातला मनेका गांधी खटला, म्हणजे १९७८ साल उजाडावं लागलं. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या माणसालाही जो प्रश्न सहज सुटला नाही, तो आम्ही पॉटलकच्या यादीखाली एका ओळीत सोडवून टाकला.

जाता जाता: यिक वो हे त्या माणसाचं नाव नव्हतंच म्हणतात, ते लाँड्रीचं नाव. त्याचं नाव ली यिक असावं. ज्या निकालाने त्याला 'व्यक्ती' मानलं, त्या निकालावर पाटीचं नाव पडलं ते पडलंच.

हे लिहीत असतानाच त्या 'कसली सुनावणी' वाल्याचा फोन आला. त्याच्या व्हिसाच्या मुदतवाढीवर आणखी पुरावे मागणारं पत्र आलंय. कंपनीचं पत्र, पगाराच्या स्लिपा, डिग्रीचा कागद, सगळं पुन्हा हवंय. बिचारा घाबरला होता. म्हणाला, "अरे, उत्तर द्यायला ८४च दिवस दिलेत. एवढ्यात कसं जमणार?"

मी म्हटलं, वकिलाचा नंबर पाठवतो.

(पॉटलकला मी मसालेभात आणतोय. यादीत कुणी टाकलं नसेल तर टाका.)