रिमोट कुणाचा, हे विचारू नये

पुढची महासाथ कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. मागची मोठी १९१८ ची, नंतरची २०२० ची, म्हणजे हिशेबाने अजून पुष्कळ अवकाश आहे. पण विषाणू पंचांग बघून निघत नाहीत. तेव्हा तयारी आत्ताच करून ठेवलेली बरी. मास्क मिळतील, सॅनिटायझर मिळेल. तयारी लागते ती आईबाबांबरोबर एका टीव्हीसमोर महिनोन्‌महिने बसण्याची. १९१८ च्या पिढीने काय काय सोसलं ते खरंच, पण बातम्यांचं चॅनल सोसलं नाही.

सगळ्यात आधी, तुम्ही घरी का आलात याचं कारण पक्कं करा. ‘आईबाबांची काळजी घ्यायला आलो’ हे उत्तम. २२ मार्च २०२० च्या जनता कर्फ्यूच्या आगेमागे मिळेल त्या गाडीने गाव गाठणारे बरेच जण हेच सांगत होते. मेस बंद झाली होती आणि खोलीवर धुवायच्या कपड्यांचा ढीग पडला होता, हे तपशील गौण. दुसऱ्याच दिवशी सकाळी आई कसलासा काढा घेऊन उशाशी उभी राहील आणि ग्लास रिकामा होईपर्यंत हलणार नाही. हरकत घेऊ नका. ऑफिसच्या ग्रुपवर लिहिताना फक्त कर्ता आणि कर्म यांची अदलाबदल करायची.

आता टीव्ही. घरात शिरल्याबरोबर रिमोटची जागा हेरून ठेवा. रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो, वर रबरबँड. पिशवी इतकी जुनी झालेली असते की बटणांवरचे आकडे दिसत नाहीत. बाबांचा अंगठा ते चाचपून ओळखतो, तुमचा ओळखणार नाही. एरवी सकाळचे दीड-दोन तास पेपरमध्ये जायचे. पण साथीत पेपरही येत नाही. मार्चच्या अखेरीस मुंबईत पेपरवाटप थांबलं होतं, आणि १८ एप्रिलला सरकारने घरोघरी पेपर टाकण्यावरच बंदी आणली (मग आरडाओरडा झाल्यावर काही दिवसांत ती सैल केली). ते दोन तास टीव्हीच्या खात्यात जमा होतात. बाबा खुर्चीत झोपले, घोरायला लागले आणि तुम्ही हळूच चॅनल बदललं, तर मिटल्या डोळ्यांनी आवाज येईल, “बघतोय मी.” मग काय चाललं होतं ते सांगा, असं आव्हान चुकूनही देऊ नका. ते बरोबर सांगतील. सकाळपासून तेच चालू आहे.

सकाळी नऊचा प्रश्न मात्र नाजूक आहे. २८ मार्चपासून दूरदर्शनने रामायण पुन्हा लावलं, सकाळी नऊ आणि रात्री नऊ. डीडी भारतीवर दुपारी बारा आणि संध्याकाळी सात ही वेळ महाभारताची. म्हणजे एका राजघराण्यातून उठलं की दुसऱ्यात जाऊन बसायचं, मध्ये जेवण. आणि नऊ हीच तुमच्या मीटिंगची वेळ. घरात नेटची रेंज एकाच कोपऱ्यात येते आणि तो कोपरा टीव्हीच्या शेजारी असतो, हा निसर्गनियम आहे. स्वतःला म्यूट ठेवा. बोलावंच लागलं तर दोन बाण समोरासमोरून एकमेकांना भेटायला निघतात तो मुहूर्त साधा. त्यांची गाठ पडेपर्यंत अख्ख्या तिमाहीचा आढावा देऊन होतो. शंख वाजला की थांबा. साहेब रागावणार नाहीत. नीट कान दिला तर तोच शंख त्यांच्याकडून एक सेकंद उशिरा ऐकू येईल. १६ एप्रिलचा भाग ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिला असं दूरदर्शनने अभिमानाने जाहीर केलं होतं. त्यातले किती जण त्या वेळी कॅमेरा बंद करून ‘येस सर’ म्हणत होते, ते कुणी मोजलं नाही.

रामायण बघताना ‘पुढे काय होणार ते सगळ्यांना माहीत आहे’ हे वाक्य घशातच ठेवा. आईबाबांनी ते १९८७-८८ मध्ये दर रविवारी सकाळी पाहिलेलं आहे, आणि आता ते बघायला नव्हे, तर तुम्हाला तेव्हाचं सांगायला बसलेले आहेत. चाळीत टीव्ही कुणाकडे होता, टीव्हीला हार कोण घालायचं, चपला बाहेर काढून किती माणसं आत बसायची. माणसांची संख्या भागागणिक वाढत जाते, ती दुरुस्त करू नका. अधूनमधून “हो?” म्हणा. जाहिराती सुरू झाल्या की दोघंही बोलायचे थांबतात आणि जाहिराती मन लावून बघतात. तुम्हाला काही महत्त्वाचं सांगायचं असेल, नोकरी जाते आहे वगैरे, तर जाहिरातीत सांगू नका.

बातम्यांची वेळ अशी नसते, त्या असतातच. पडद्याच्या कोपऱ्यात काटे फुटलेला लाल चेंडू फिरत असतो, आठ चौकटींत आठ जण ओरडत असतात आणि टीव्हीचा आवाज शेवटच्या मजल्यावर असतो. बाबांना भीती वाटते असं तोंडातून काढू नका. त्यांना भीती वाटत नाही, ‘माणसाला माहिती पाहिजे’. संध्याकाळी राज्याचा आकडा आला की बाबा उठतात, शिसपेन्सिल घेतात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकटीत, दुधाच्या हिशेबाखाली, तो बारीक अक्षरात लिहितात. वर ‘दीड लिटर’, खाली नवे रुग्ण. का लिहिता, असं विचारायचं नाही. महिनाअखेरीला दूधवाल्याचा हिशेब करताना आई ते आकडेही बेरजेत धरत नाही ना, एवढं बघायचं.

त्यातून रात्री आठ वाजता पंतप्रधान बोलणार अशी पट्टी खाली फिरायला लागली, तर पायात चपला घालून बसा. ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री आठ, २४ मार्च २०२० ला रात्री आठ. त्या वेळेशी आता कुणी वाद घालत नाही. भाषण ‘मित्रों’च्या पुढे सरकायच्या आत घरातून एका माणसाने पिशवी घेऊन वाण्याकडे धावायचं असतं, आणि सगळ्यात तरुण तुम्ही आहात.

कधीतरी तुम्हाला उमाळा येईल की आईबाबांना काहीतरी चांगलं दाखवावं. एखादी वेबसिरीज लावाल. पहिल्या पाच मिनिटांत नको तो प्रसंग येईल, बाबांना लाईटबिल आठवेल, आई गॅस बघायला जाईल, हे सगळं ठरलेलं आहे, त्याने खचू नका. खरी भीती पुढची. त्यांना ती आवडेल. मग तुम्ही रोज एक भाग असा शिस्तीत बेत आखाल आणि एका सकाळी बाबा चहाचा घोट घेत सांगतील, “तो डॉक्टरच होता रे खुनी.” रात्री तुम्ही झोपल्यावर दोघांनी आवाज बंद करून, फक्त अक्षरं वाचत, मालिका संपवलेली असते. टीव्ही इतक्या हळू लावता येतो हे तुम्हाला त्या दिवशी कळतं.

आईच्या मालिकांचं काय, तर मार्चमध्ये चित्रीकरण थांबलं आणि जुने भाग लागायला लागले. हा भाग होऊन गेलाय, असं सुनावू नका. त्या बाईने तेव्हाही कपाटातले कागद पळवले होते आणि आताही पळवणारच आहे, हे आईला ठाऊक आहे. तरी ती तितकीच चिडते. राग जुन्या भागाचा असला तरी ताजा असतो, आणि त्या भरात वाढलेली आमटी मुकाट्याने खावी.

चित्रीकरण परत सुरू व्हायची वेळ आली तेव्हा खरी गंमत झाली. राज्य सरकारने नियम केला की ६५ वर्षांवरच्या कलाकारांनी सेटवर यायचं नाही. मालिकेतल्या आजी-आजोबांवर गंडांतर. तुम्हाला हा नियम अगदी शहाणपणाचा वाटला असेल, कारण तुम्हीही घरी तोच लावला होता. बाबांना फाटकापर्यंतसुद्धा सोडत नव्हता. पण प्रकरण कोर्टात गेलं आणि ७ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. ही बातमी बाबांनी ऐकली असेल, चारही चॅनलवर, तर त्या दिवशी मास्क, अंतर, वय यातला एकही शब्द उच्चारू नका. त्यांनी भाजीची पिशवी उचलली तर बाजूला व्हा. त्यांच्या बाजूने खंडपीठ आहे.

सप्टेंबरात ई-पासची अट जाते आणि तुम्ही परत निघता. निघताना मोठ्या मनाने तुमचं लॉगिन टीव्हीवर तसंच ठेवाल, राहू द्या म्हणाल. खोलीवर पोचून लॅपटॉप उघडलात की ‘एकाच वेळी जास्त स्क्रीन सुरू आहेत’ असा निरोप येईल. पासवर्ड बदलायचा विचार मनात आला, तर गेल्या एप्रिलमध्ये तुमचं रिचार्ज संपलं होतं म्हणून नंबर कुणाचा टाकला होता ते आठवा. ओटीपी बाबांच्या फोनवर जातो. फोन करा, ते देतील. पण आधी जाहिरात लागू द्या.